चौथी पायरी

सिद्धी वेळीप हिनं नेत्रावळीहून लिहिलंय:
"चौथ्या पायरीला पान कोरंच येतं.
माझंच काहीतरी चुकत असणार.
तीनदा पहिल्यापासून केलं.
वाचनालयातल्या संगणकावर माणशी एक तास मिळतो.
वेळ घेतल्याबद्दल क्षमा."

तीनदा, म्हणजे तीन दिवस.

दिवाडीला, साव माथियासात, रात्रीचे साडेअकरा.
वीज आहे, पण पंख्याला पुरेशी नाही.
मी चौथी पायरी उघडते.
माझीच आहे ती. पायाला प्लास्टर होतं
त्या मे महिन्यात लिहिलेली.
"आता फक्त सर्व्हर सुरू करा. सोपं आहे."

सर्व्हर सुरू करायची आज्ञा
गेल्याच्या गेल्या चवथीला बदलली.
ऑस्मंडनं बदलली, मी हो म्हटलं,
चाचण्या एकामागून एक हिरव्या झाल्या
आणि आम्ही आपापल्या घरी नेवऱ्या खायला गेलो.
कोडात एक स्वल्पविराम हलला
तरी कुठेतरी लाल दिवा लागतो.
वाक्याला असलं काही नसतं.
वाक्य खोटं झालं
तरी उभं राहतं तसंच, नीटनेटकं,
पूर्णविरामासकट.

तेरा महिने उभं होतं.
सिद्धीनं निदान विचारलं.
ज्यांनी लॅपटॉप मिटला,
"आपल्याला नाही जमायचं हे" म्हटलं
आणि बहिणीच्या दुकानात हिशेबाला बसले,
त्यांची नोंद ठेवायला
आमच्याकडे रकाना नाही.

आज्ञा बदलायला अर्धं मिनिट लागलं.
मग जुना संगणक काढून
पहिल्या पायरीपासून बसले,
काही माहीत नसल्यासारखी.
ते जमत नाही.
बोटं पुढे धावतात, न लिहिलेलं करून मोकळी होतात,
त्यांना मागे ओढून विचारावं लागतं:
हे तुला कुणी सांगितलं?

दुसऱ्या पायरीत मी "मार्ग" लिहिलंय,
सहावीत "वाट", नववीत "रूट".
वस्तू एकच.
घरात कोंकणी, शाळेत मराठी, पोटाला इंग्रजी,
आमच्या हातून असं होतं.
मला "वाट" आवडतो.
पण चूक लाल अक्षरांत समोर येईल
तेव्हा ती "रूट"च म्हणेल,
आणि सिद्धीकडे त्या दिवशीची अकराच मिनिटं उरलेली असतील.
सगळीकडे "रूट" केलं.
"वाट" एकदाच ठेवला, पहिल्या भेटीत,
ओळख करून देण्यापुरता.

मग "फक्त" शोधला.
एकेचाळीस ठिकाणी.
"सोपं आहे" सतरा.
कुणाला धीर देत होते मी? मलाच बहुतेक.
सतराच्या सतरा काढले.
"फक्त" तीन राहू दिले,
तिथे खरोखरच फक्त होतं.

पहाटे तिला उत्तर लिहिलं:
चूक तुमची नव्हती.
खाली आणखी चार ओळी लिहिल्या होत्या,
कारणं, आवृत्त्या, कामाचा व्याप.
त्या पुसल्या.
बदलांच्या यादीत, दुरुस्तीच्या पुढे, तिचं नाव घातलं.

सकाळी धक्क्यावर फेरीची पाटी.
सरकारी निळ्या रंगातल्या वेळा जुन्याच,
आणि खाली खडूनं: सव्वानवाची आज ना.
पाऊस ते पुसतो, कुणीतरी परत लिहितं.
इतकी वर्षं जाते-येते,
लिहिताना कुणाला पाहिलेलं नाही.
आज पाटीखाली खडूचा तुकडा पडला होता.
उचलून कठड्यावर ठेवला,
पायाखाली येऊ नये म्हणून.

सव्वानवाची आली नाहीच.
दहाच्या फेरीत, रायबंदर दिसू लागलं तेव्हा
फोन वाजला:
"चौथी झाली. पाचवी, सहावीसुद्धा.
सातवीत तुम्ही म्हणता ती फाईल
आहे कुठे?"

क्षमाबिमा काही नाही.